न आणलेला खडा

माझी माय थंडीत गोधडी घेत नाही. गेल्या माघापासून नाही. शाल नाही, घोंगडं नाही, खाली साधं पोतंही टाकू देत नाही. उघड्या फरशीवर एका लुगड्यात अंग मुडपून पडते आणि पहाटे तिचे दात वाजतात ते शेजारच्या खोलीत ऐकू येतं. मी तापट माणूस. आधी ओरडलो, मग ती झोपल्यावर गोधडी अंगावर टाकून पाहिली, मग हात जोडले. तिनं एकदाच उत्तर दिलं.

"त्यो बर्फात पडलाय. म्या उबंला निजू व्हय?"

त्यो म्हणजे माझा धाकटा भाऊ.

त्याचं काम काय होतं हे गावात कुणाला धड सांगता आलं नाही. मलाही नाही. कळंबला माझं खत-बियाणांचं दुकान आहे, तिथं येणारा प्रत्येकजण विचारायचा, धाकले कुठं असतात? जहाजावर, म्हटलं की लोक नौदल समजायचे. मी म्हणायचो, नाही हो, पृथ्वीच्या पार खालच्या टोकाला, अंटार्क्टिकाला. तिथं एक छोटं जहाज जातं, गोरे लोक हौसेनं येतात, हा त्यांना बर्फाचे डोंगर चढवतो, कयाकमधून फिरवतो, पेंग्विन दाखवतो. कयाक म्हणजे काय तेही सांगावं लागायचं. माणूस पाय लांब करून कसाबसा मावेल एवढीच अरुंद नाव, दोन्ही बाजूंनी वल्हवायची. मग गिऱ्हाईक विचारायचं, तिथं पिकतं काय? काहीच नाही, म्हटलं की त्याचा त्या प्रदेशातला रस संपायचा. युरियाची पिशवी उचलून तो चालू लागायचा.

पुण्याला इंजिनियरिंग शिकायला म्हणून तो गेला आणि शनिवार-रविवार गडांच्या कड्यांवर लटकायला लागला. तिथून हिमालयातले कोर्स, लडाखमध्ये वाटाड्याची नोकरी, आणि मग हे जहाज. आमच्या घरात डोंगराशी कुणाचा संबंध नव्हता. येरमाळ्याच्या येडाईचा डोंगर चढायचा तो चैत्रात, देवीसाठी. पाण्याशी संबंध होता तो विहिरीचा. त्याला पोहायला मी शिकवलं. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा, कमरेला सोल, म्हणजे जाड दोर, सोलाचं दुसरं टोक माझ्या हातात. तो पायऱ्यांवरून उडी टाकायचा, बुडायचा, डबा त्याला वर आणायचा आणि तोंडातलं पाणी थुंकत तो ओरडायचा, "दादा, सोल सोडू नको रं!" चार-दोन दिवसांनी तोच म्हणाला, आता सोड. मी सोडला.

तो गेला ते असं. एका खाडीत पाहुण्यांना घेऊन कयाकचा ताफा गेला होता. जवळचा हिमनग अचानक पालथा झाला. त्याच्या लाटेत नावा उलटल्या. त्यानं एकेकाला रबरी बोटीपाशी लोटलं, सगळे वाचले, आणि शेवटी मोकळं झालेलं बर्फ खाडीत भरत आलं त्याखाली तो गेला. दोन दिवस शोधलं. मग वारा उलटा झाला, खाडी बर्फानं बंद झाली आणि जहाजाला बाहेर पडावं लागलं. हे सगळं मला फोनवर एका नेपाळ्यानं सांगितलं, हिंदीत, रडत. जहाजावर तो माझ्या भावाच्याच खोलीत राहायचा, दोघं मिळून लोकांना बर्फ चढवायचे. मी दुकानात होतो. समोर एकजण हरभऱ्यावरच्या घाटेअळीचं औषध मागत उभा होता. मी त्याला औषध दिलं, कसं मारायचं ते सांगितलं, आणि शटर ओढून घेतलं.

मयत नाही तर अग्नी कुणाला देणार? राख सावडायला राख नाही. भावकीतल्या जाणत्यांनी दर्भाचा पुतळा करायला लावला आणि आमच्या शेतात तो जाळला. चितेभोवती पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन फिरताना ज्या खड्यानं मडक्याला भोक पाडतात, तो खडा जपून ठेवायचा असतो. जीवखडा म्हणतात त्याला. गेलेल्याचा जीव त्यात आहे असं धरून दहाव्यापर्यंत त्याच्यावर पाणी घालायचं, आणि दहाव्याला तो पाण्यात सोडायचा. मग माणूस सुटला. चुलत्यांनी वाकून बांधावरचा एक खडा उचलून माझ्या हातात दिला होता. सगळं रीतीनं चाललं होतं.

दहाव्याला तो खडा सोडायच्या वेळी माय पुढं आली. बायका अशा वेळी पुढं येत नाहीत. तिनं माझ्या तळहातावरून खडा उचलला, उलटापालटा केला आणि म्हणाली, "ह्यो आपल्या बांधावरचा हाय. माझं लेकरू हितं कुठं गेलंय? ह्या खड्याला त्यो म्हाईत तरी हाय का?" आणि तिनं तो बांधावर फेकून दिला.

खड्यातलं तिला कोण सांगणार? येरमाळ्याच्या जत्रेत चुनखडीच्या रानातून पांढरे खडे वेचून देवीला वाहायची रीत आहे, आणि माझी माय लग्न होऊन आली तेव्हापासून ते वेचते आहे. लाखो माणसं तिथं वाकलेली असतात आणि सगळे हाताला येईल तो उचलतात. माय निवडून घेते.

दहावा तसाच अर्धा राहिला. जाणते म्हणाले, वर्षाच्या आत खडा मिळाला तर पुरा करता येईल. त्या रात्रीपासून गोधडी बंद झाली. "खडा यू दे. त्यो सुटू दे. मग घीन," एवढंच ती म्हणायची. उन्हाळ्यात आम्ही ते विसरलो. दिवाळी उलटली, थंडी पडली, तिला खोकला धरला, तेव्हा आठवलं. आमच्या शेजारच्या वाशी गावचा डॉक्टर तिची छाती तपासून बाहेर आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, यांना उबेत ठेवा, ही थंडी यांना सोसायची नाही. मी म्हटलं, तुम्हीच सांगा तिला. त्यानं सांगितलं. तिनं मान डोलावली आणि घरी येऊन फरशीवर पडली.

त्याच सुमाराला जहाजाच्या कंपनीकडून निरोप आला. घरातल्या एकाला, तो गेला ती जागा पाहायची असेल तर, पुढच्या फेरीला यावं. माझ्या जिवावर आलं होतं. परदेश सोडा, मी समुद्रसुद्धा एकदाच पाहिलेला. पण माय उठून बसली. कित्येक महिन्यांत तिनं स्वतःहून मला काही मागितलं नव्हतं.

"तिथला योक खडा आण. अन् पानी किती गार हाय ते हात घालून बघून ये."

विमानांचं सांगत नाही. बंदरावर जहाज पाहिलं. मला वाटलं होतं मोठं असेल. हे आपलं तालुक्याच्या बँकेच्या इमारतीएवढं. मधला समुद्र असा की बालाघाटातल्या वळणांवर एस्टीत होते तशी ओकारी, फक्त घाट संपतच नाही. मी बादली धरून पडून राहिलो आणि मला पहिल्यांदा त्याचा राग आला. सुखाचं जेवण सोडून हे काय शोधायला आलास रे बाबा? कुणी बोलावलं होतं तुला?

तो नेपाळी मला बंदरावरच भेटला होता. काळसर, बुटका, सतत हसायची सवय असलेला पण मला बघून हसू आवरलेला. मला तो "दाजू" म्हणायचा, म्हणजे थोरला भाऊ. त्याच्याच खोलीत मला जागा दिली होती. माझ्या भावाची खाट. मी नको म्हटलं आणि मग तिथंच झोपलो. बाकीचे पाहुणे हौशी. मी कोण हे कंपनीच्या लोकांनी त्यांना सांगितलेलं नव्हतं, माझीच तशी इच्छा होती. जेवणाच्या टेबलावर एक म्हातारी बाई मला विचारायची, तुमचा आवडता प्राणी कोणता? मला इंग्रजी जेमतेम. मी म्हटलं, बैल. ती खूप हसली. देवमासा दिसला की सगळे ओरडत डेकवर पळायचे. मीही गेलो. काळं, ओलं पाठाड वर आलं, फुस्स करून वाफ सोडली आणि खाली गेलं. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी त्या पाण्याकडं बघत होतो. याच्या खाली काय काय आहे, एवढंच माझ्या डोक्यात यायचं.

किनाऱ्यावर उतरायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना कपडे, बूट, पिशव्या घेऊन बोलावलं. तिथं झाडं नाहीत, बी नाही, किडा नाही, म्हणून बाहेरचं काहीच जाऊ द्यायचं नाही. कामावरच्या मुली चिमटे आणि हवा ओढायचं यंत्र घेऊन बसल्या होत्या. गोऱ्यांच्या खिशांतून फार तर धागे निघाले. माझी पाळी आली. स्वेटरच्या बाहीत कुसळं. मोज्यात गोखरू. पिशवीच्या शिवणीत ज्वारीचे दाणे, सोयाबीनचं टरफल, कसलंसं तणाचं बी जे मी जन्मभर दुकानात येणाऱ्यांना मारायला शिकवत आलो. ती मुलगी एकेक चिमट्यानं काढून ताटलीत ठेवत होती आणि ताटली भरत चालली होती. लोक जमून बघायला लागले. मला आधी लाज वाटली, मग डोकं फिरलं. अरे, हे पीक आहे. यावर माणसं जगतात. पण ते म्हणायचं कुणाला आणि कसं? नेपाळी माझ्या बाजूला येऊन हळूच म्हणाला, दाजू, तुमच्या भावाच्या पिशवीतून दर वेळी असंच निघायचं. घरून आला की निम्मं शेत घेऊन यायचा. ते ऐकलं आणि मी तिथंच खुर्चीवर बसून रडलो. त्या मुलीनं यंत्र बंद केलं.

मग नियम सांगितले. मोठ्या पडद्यावर चित्रं, आणि प्रमुख बाई बोलत होती, नेपाळी मला हिंदीत सांगत होता. तिथून काहीही न्यायचं नाही. पीस नाही, शिंपला नाही, दगड नाही, वाळूचा कण नाही. आणि तिथं काहीही ठेवायचं नाही. बिस्किटाचा चुरा नाही, रुमाल नाही, थुंकायचंसुद्धा नाही. जसं होतं तसं राहिलं पाहिजे. मी नंतर त्या बाईला गाठलं, नेपाळ्याला मध्ये घेतलं आणि मायचं सगळं सांगितलं. मडकं, खडा, दहावा, गोधडी. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, मला ती परवानगी देता येत नाही, इथं कुणालाच देता येत नाही. तिचे डोळे भरले होते, खोटं कशाला सांगू. पण मी मनात म्हटलं, खिसे तुम्ही जाताना तपासता, येताना नाही. हाताला आला तर मी विचारायला थांबणार नाही.

ती खाडी बंदच होती. जहाज तोंडाशी गेलं आणि थांबलं. आत पांढरं, घट्ट. बर्फाचे तुकडे एकमेकांना घासून करकरत होते. कप्तानानं अर्धा दिवस वाट पाहिली आणि मग हात हलवून नाही म्हणून सांगितलं. इतक्या लांबून येऊन दारातून परत. नेपाळी म्हणाला, शेजारच्या किनाऱ्यावरून एक बर्फाची चढण आहे. वर गेलं तर पलीकडं खाडी पूर्ण दिसते. जमेल? मी म्हटलं, न जमायला काय झालं.

पण त्याआधी पाणी. किनाऱ्याकडं लोकांना दोन-दोन माणसांच्या कयाकमधून नेत होते. मी पुढं, नेपाळी मागं. पाणी अगदी मांडीजवळ, वारा नाही. बर्फाच्या एका लादीवर सील पडला होता, गोठ्यात रवंथ करणाऱ्या म्हशीसारखा सुस्त. त्यानं एक डोळा उघडला, आम्हाला पाहिलं आणि परत मिटला. मी हातमोजा काढला आणि मनगट बुडेपर्यंत हात पाण्यात घातला. नेपाळी मागून काहीतरी म्हणाला, मी ऐकलं नाही. कळ कोपरापर्यंत आली, मग खांद्यापर्यंत. दात आवळून मी हात तसाच ठेवला. मग कळ थांबली. मग काहीच लागेना, हात माझा आहे की कुणाचा तेही कळेना. तेव्हा त्यानं वल्हं टाकून माझं मनगट पकडलं आणि हात वर ओढला.

किनारा दगडगोट्यांचा. वास कोंबड्यांच्या शेडसारखा. आणि सगळीकडं पेंग्विन. त्यांची घरटी म्हणजे नुसते खड्यांचे ढीग, दुसरं काही नाही, कारण दुसरं काही मिळतच नाही. नर खडा निवडतो, चोचीत धरतो, डुलत डुलत येतो आणि मादीपुढं ठेवतो. शेजारच्याचं लक्ष नसलं की त्याचा खडा पळवतो. त्यावरून भांडणं, चोची मारणं, कालवा. मला एकदम येरमाळ्याचं चैत्रातलं रान दिसलं. सगळे खाली बघत, वाकलेले, खडे वेचत. एक क्षण वाटलं माय आत्ता यांच्यातून निवडून घेईल आणि मला दाखवेल. मी बूट ठीक करायला बसलो आणि एक खडा उचलला. करडा, एका बाजूनं चपटा, मुठीत मावेल एवढा. आतल्या खिशात टाकला. कुणी पाहिलं नाही.

मग चढण. बुटांना लोखंडी काटे बांधले, कमरेला पट्टा आणि पट्ट्याला दोर. दुसरं टोक पुढं नेपाळ्याच्या कमरेला. कमरेला दोर आणि तो दुसऱ्याच्या हातात, हे मला ओळखीचं होतं. फक्त त्या वेळी दोर धरणारा मी होतो. छाती फुटायला आली. दर थोड्या पावलांनी थांबायचो आणि नेपाळीही थांबायचा. खडा छातीवर टोचत होता. मला बरं वाटत होतं. काम झालं, एवढंच डोक्यात. दहावा पुरा होईल, माय गोधडी घेईल.

माथ्यावरून खाडी दिसली. पांढरी थाळी, कडेला निळसर भेगा, हालचाल कसली नाही. नेपाळ्यानं बोट करून जागा दाखवली. तिथं दाखवण्यासारखं काही नव्हतं. मी भावाला घरच्या नावानं हाक मारली. विहिरीच्या काठावरून मारायचो तशी, पूर्ण दम लावून. मग आणखी एकदा. त्या उघड्या जागेत आवाज कुठं गेला कळलंच नाही. मी खाली बसलो. नेपाळी दोर ताणून उभा राहिला, पाठ फिरवून. मग म्हणाला, आमच्या गावातल्या किती घरांत असं आहे, दाजू. डोंगरावर गेलेला परत आलाच नाही. आम्हीही लांबूनच हाक मारतो.

उतरताना तो बोलत सुटला, बहुतेक माझं मन रमवायला. माझा भाऊ पाहुण्यांना किती हसवायचा, डाळ कशी करायचा, आणि नियमांना किती कडक होता. याच किनाऱ्यावर एकदा एका मोठ्या माणसानं, कुठल्याशा कंपनीचा मालक होता म्हणे, नातवासाठी म्हणून एक खडा खिशात घातला. माझ्या भावानं ते पाहिलं. त्यानं सगळ्यांसमोर त्याला खिसा उलटा करायला लावला. तो माणूस चिडला, एका खड्यानं काय होतं म्हणाला. तर हा म्हणाला, प्रत्येकानं एक नेला तर ह्या पेंग्विनला अंडं बर्फावर घालावं लागेल, आणि बर्फावरचं अंडं उबत नाही. नेपाळी हे सांगून हसला. त्याला माझ्या खिशातलं ठाऊक होतं का, हे मला आजही सांगता येणार नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही.

मी फार चांगला माणूस आहे म्हणून खडा परत टाकला, असं कुणी समजू नये. मी चिडलो होतो. खाली येईपर्यंत मी भावाशी मनातल्या मनात भांडत होतो. अरे, तुझ्यासाठीच नेतोय ना? तुझी माय तिकडं फरशीवर कुडकुडतेय. मेलास तरी तुझा हेका सुटत नाही? पण त्याचं तोंड डोळ्यांपुढून जाईना. सगळ्यांसमोर खिसा उलटा करायला लावणारं ते तोंड. तो जिवंत असता आणि इथं उभा असता, तर त्यानं मलाही सोडलं नसतं. चोरून नेलेल्या खड्यात तो कसा येईल? मी खिशात हात घातला, खडा काढला आणि रागानंच खाली टाकला. एक पेंग्विन डुलत आला, त्यानं तो चोचीत उचलला, थोडं चालला, खाली टाकला आणि दुसरा उचलून गेला. त्याला तो पसंत पडला नाही. मी परत वाकून पाहिलं, तर इतक्या खड्यांत माझा कोणता तेच ओळखू येईना.

मी परतीच्या वाटेवर जहाजात होतो. त्याच दिवसांत आमच्याकडं येळवस होती, मार्गशीर्षातली वेळा अमावस्या. दर येळवसला अख्खा गाव शेतात असतो. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी करायची, तिच्यात पूजा, आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, वाटेनं जाणाऱ्यालाही हाताला धरून जेवायला बसवायचं. बायकोनं फोनवर सांगितलं, आपल्या शेतात यंदा कोप घातली नाही. आजूबाजूच्या शेतांतून धूर निघत होता म्हणे आणि माय दारात बसून तिकडं बघत होती.

पुण्याहून बार्शीमार्गे येणाऱ्या गाडीतून मी येरमाळ्याच्या फाट्यावर उतरलो. पुढं कळंबच्या गाडीनं गाव गाठायचं. टपरीवर चहा घेत होतो तेवढ्यात चुलत्यांचा फोन आला. खडा आणता आला नाही हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, "हात हलवत घरी जाऊ नगं. येरमाळ्यातच हायस न्हवं? रानातला एखादा खडा उचल अन् तिथला म्हून दे. म्हातारीला काय कळतंय? दहावा हून जाईल, ती पांघरून घील. जीव वाचंल तिचा."

"तुम्ही बरोबर सांगताय," मी म्हटलं. खरंच बरोबर होतं. मी रस्ता ओलांडून रानाच्या कडेला गेलोही. पायाशी पांढरे खडे पसरले होते. पण वाकवेना. जिनं जन्मभर या रानात वाकून निवडून खडे वेचले, तिच्या तळहातावर इथलाच खडा ठेवून तो जगाच्या टोकाचा म्हणून सांगायचा? हातात घेताक्षणी तिनं ओळखला असता. आणि मग माझं पाण्याचं, खाडीचं, कशाचंच तिनं खरं मानलं नसतं. मी गाडीत बसलो.

माय ओट्यावर उन्हाला बसली होती. खोकला वाढला होता, गालफडं आत गेली होती. तिनं हात पुढं केला, तळवा वर करून. मी तिच्यासमोर खाली बसलो आणि सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. खडा उचलला तेही आणि टाकला तेही. तिथला कायदाच तसा आहे, माय, तिथून काही आणायचं नाही आणि तिथं काही ठेवायचं नाही. आणि आपलाच पोरगा तो कायदा लोकांना शिकवायचा. तिनं हात मागं घेतला आणि मांडीवर ठेवला.

"पानी बघितलंस का?"

"बघितलं. हात घातला हुता."

"किती गार हाय?"

"आधी कळ येती, माय. मग काहीच लागत न्हाय."

"लगीच?"

"लगीच."

"म्हंजी त्याला लागलं नसंल."

"न्हाय. लागलं नसंल."

तिनं पदर सावरला. मग उठली, भिंतीला धरत आत गेली. पेटी उघडल्याचा आवाज आला. तिनं गोधडी बाहेर आणली. तिच्याच जुन्या लुगड्यांची, तिनंच शिवलेली, दोघं भाऊ लहानपणी जिच्याखाली एकत्र झोपायचो ती. मला वाटलं, जिंकलो. खडा नाही तर नाही, पण पाण्याच्या बोलण्यानं काम केलं. मी उठून तिच्या खांद्यावर गोधडी टाकायला पुढं झालो.

तिनं ती मला धरूच दिली नाही. छातीशी घेऊन उभी राहिली.

"त्यो तुजा नेपाळी परत जानार आसंल न्हवं पुढल्या खेपंला? त्याच्यासंगं ही धाडता यील का? वरून टाकली तरी चालंल. त्या बर्फावर."

"माय, सांगितलं की तुला. तिथं काही ठिवू देत न्हाईत."

तिनं माझ्याकडं पाहिलं. रागावली नव्हती. तिला खरोखरच समजत नव्हतं.

"लेकरू ठिवू दिलं की," ती म्हणाली.

तिनं गोधडीची घडी नीट केली, कडा जुळवल्या आणि ती परत पेटीवर नेऊन ठेवली. ती अजून तिथंच आहे. यंदाची थंडी अजून बरीच जायची आहे.